पत्र: २१० नॉर्मल नव्हतं

प्रिय वैशू,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. राग मानू नकोस. गेल्या आठवड्यातली एक रात्र डोक्यातून जात नाही, आणि लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, डीएमएलटीला, शेजारी बसलेल्या तुझ्याशिवाय ती कुणाला सांगू?

रात्री अकराला बाई आली. आठवा महिना, पोट दगडासारखं घट्ट, वार (प्लासेंटा) बाळंतपणाआधीच सुटलेली. बाळाचे ठोके नव्हते. सॅम्पल आलं, पण निळ्या झाकणाची ट्यूब रेघेपर्यंत भरलेलीच नव्हती. मी परत पाठवली. सिस्टर वैतागल्या, "एवढं रक्त वाहतंय आणि हिला रेघ दिसतेय!" पण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट (रक्त गोठू न देणारा द्रव) हे गणित बिघडलं की पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, उगाच लांबतो, हे तुला वेगळं सांगायला नको. दुसरं सॅम्पल मी स्वतः घेतलं, सलाईन नसलेल्या हातातून. सुई काढल्यावर बोळा दाबून धरला तरी तो लाल होतच राहिला. खरं तर तिथेच कळायला हवं होतं.

रिपोर्ट मात्र साधा वाटला. प्लेटलेट १ लाख ८० हजार. पीटी १६ सेकंद, कंट्रोल १३. फायब्रिनोजेन, ज्यापासून रक्ताची गाठ बनते ते प्रथिन, २१०. डी-डायमर, म्हणजे गाठी विरघळल्याची खूण, खूप वाढलेला, पण तो गरोदरपणात तसाही वाढतो. मशीनने २१० ला चांदणी दिली नाही, कारण रेंज २०० ते ४००. मीही सही करून मोकळी झाले.

डॉक्टरबाईंनी कागद पाहिला आणि फोनवरच म्हणाल्या, "अगं, या दिवसांत हिचं ४००च्या वर असायला हवं. अर्ध्यावर आलंय!" त्यांनी साध्या काचेच्या टेस्टट्यूबमध्ये रक्त घेतलं आणि घड्याळ लावून बसल्या. दहा मिनिटांनी नळी तिरकी केली तर आत मऊ, पातळसर गाठ. थोड्या वेळाने तीही विरघळली. २००१च्या त्या आंतरराष्ट्रीय गुणतक्त्यात पहिल्या रिपोर्टचे चारच गुण होतात, डीआयसी, म्हणजे अंगभर गुठळ्या होऊन गोठायचं सामान संपण्याचा आजार, म्हणायला पाच लागतात. त्या तक्त्यात फायब्रिनोजेनचा गुण १००च्या खाली गेल्यावर मिळतो. बाळंतिणीच्या बाबतीत तेवढी वाट पाहणं म्हणजे घर जळाल्यावर विहीर खणणं.

तीन तासांनी परत सॅम्पल. प्लेटलेट ६२ हजार, पीटी २१, फायब्रिनोजेन ९०. सात गुण. तोवर क्रायो (रक्तातून काढलेलं, फायब्रिनोजेन भरून काढणारं) आणि प्लाझ्मा निघाले होते, डॉक्टरबाईंनी तक्त्याची वाट पाहिली नव्हती.

सासूबाई बाहेर विचारत होत्या, "रक्त पातळ झालं का हो?" मी म्हटलं, "अंगात आतल्या आत बारीक गुठळ्या होण्यातच सगळं सामान संपलंय. आता जखमेवर गाठ धरायला काही उरलं नाही." त्यांना पटलं. दोन वर्षं शिकून मला हे एवढ्या सोप्या शब्दांत कधी सुचलं नव्हतं.

बाळ गेलंच होतं. बाई वाचली. चौथ्या दिवशी फायब्रिनोजेन ३४०. तो रिपोर्ट मी स्वतः वॉर्डात नेऊन दिला.

तुमच्या पुण्याच्या लॅबमध्ये गरोदर बायकांसाठी वेगळी रेंज छापून येते का गं? येत असेल तर एखादा कोरा फॉर्म पाठव. सध्या मी पेन्सिलीने लिहून मशीनवर चिकटवली आहे, आणि फडक्याने पुसताना ती रोज थोडी पुसट होते.

तुझी,
मंदा