ताई, "माझं चुकलं" म्हणणाऱ्या तुम्ही एकट्याच

ताई, नमस्कार.

ओळख पटणार नाही कदाचित. ऑगस्ट २०१९ चा महापूर, सांगलीचा पलूस तालुका, नदीकाठच्या मळीतली वस्ती, दारात पडलेला गोठा आणि त्याच्यापुढं हात नाचवत तावातावानं बोलणारा एकजण. तो मी. तुमचा जुना नंबर लागत नाही, तुम्ही वार्ताहर होता त्या पेपरच्या ऑफिसात फोन केला तर म्हणाले मॅडम कधीच सोडून गेल्या. म्हणून इथं असं उघड्यावर लिहितोय, कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

सहा वर्षांनी ह्याला आत्ताच का आठवण आली म्हणाल, तर परवा एका लग्नात आमचे त्यावेळचे तलाठी भाऊसाहेब पंगतीला शेजारी बसले. रिटायर झालेत आता. जिलेबी वाढून झाली आणि एकदम म्हणाले, "तुझ्यामुळं मला नोटीस निघालीती, ठावं हाय का?" माझा घास हातातच राहिला. मला खरंच माहीत नव्हतं. मग त्यांनी पुढचं जे सांगितलं त्यानं रात्रभर झोप लागली नाही, ते शेवटी सांगतो.

पुराचं काय नव्यानं सांगायचं, तुम्ही बघितलाय. २००५ ला पाणी आमच्या तिसऱ्या पायरीला टेकून मागं गेलेलं, म्हणून आईचं एकच, "पाणी हितवरच येतंय, वर येत न्हाई." सगळी वस्ती त्या पायरीच्या भरवशावर झोपली. आम्ही अडाणी, पण सरकारसुद्धा त्याच पायरीवर झोपलं होतं की! तिकडं सांगलीत आयर्विन पुलाला ४५ फुटाला धोक्याची पातळी, पाणी गेलं ५७ च्या वर, तोवर बोटी किती, कुठल्या गावाला किती, कुणाला पत्ता नाही. ब्रह्मनाळला ८ तारखेला काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. सरकारी बोट येईना म्हणून माणसं गावातल्याच बोटीत दाटीवाटीनं बसली, आणि बोट उलटली. त्याच दिवसांत बोटीतून हसत हात हलवणाऱ्या मंत्र्यांचा व्हिडिओ पण फिरत होता आणि धान्य कुणाला द्यायचं तर घर दोन दिवस पाण्यात पाहिजे असा जीआर पण निघालेला. दीड दिवस बुडालेल्यानं काय करायचं, अजून अर्धा दिवस पाण्यात बसून राहायचं?

टीव्हीवाले पण आले. ड्रोन उडवला, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ओरडले, आईला विचारलं "आजी, काय वाटतंय?" आई म्हणाली, "भूक लागल्यासारखं वाटतंय." ते काय दाखवलं नाही त्यांनी.

तुम्ही आलात पाणी उतरल्यावर. चिखलाला वास मारत होता, मेलेल्या जनावरांचा, कुजलेल्या उसाचा, आणि त्यात सानुग्रह अनुदानाच्या यादीत आमच्या वस्तीचं एक पण नाव नाही. खेड्यात घरटी १० हजार मिळणार, त्यातले ५ हजार रोख, असं सगळीकडं जाहीर झालेलं. गावठाणात वाटप चालू आणि आम्ही नदीच्या जास्त जवळ असून बाहेर. कागदावर वस्ती कुठंतरी गळालेली. तालुक्याला हेलपाटे घालून चप्पल झिजली. मग तुम्ही मीटिंगला साहेबांना जे विचारलं ते मी मागं दाराला टेकून ऐकलंय, "गावठाणात पाणी आलं हे तुमच्याच पंचनाम्यात आहे. वस्ती गावठाण आणि नदीच्या मधे आहे. मग पाणी वस्तीवरून उडी मारून गेलं का?" सगळे हसले, साहेब हसले नाहीत. म्हणाले माहिती घेऊन सांगतो. तुम्ही म्हणालात कधी. ते म्हणाले लवकरात लवकर. तुम्ही वही उघडून, "तारीख सांगा, लिहून घेते." एकजण मधेच बोलला ताई राजकारण करू नका, तर तुम्ही त्याच्याकडं बघितलं पण नाही, पेन तसंच धरून बसलात. शेवटी तारीख मिळाली. त्या तारखेच्या आत नावं आली.

पण ताई, आभार त्याचे नाहीत. म्हणजे त्याचेही आहेत, पैसे आले, गोठ्याला पत्रे आले. पण मला रडू येतं ते दुसऱ्याच गोष्टीनं.

तुमची बातमी छापून आली त्यात एक ओळ होती, तलाठी वस्तीवर फिरकलेच नाहीत. ती माझी ओळ. मीच तुम्हाला दहा माणसांत ओरडून सांगितलेली. आणि तीनेक दिवसांनी सकाळी तुम्ही परत आलात, गाडी फाट्यावर लावून, चप्पल हातात घेऊन चिखलातून. मला वाटलं आणि काहीतरी वाईट बातमी. तुम्ही उभ्याउभ्याच म्हणालात, "दादा, माझं चुकलं. भाऊसाहेब दोनदा येऊन गेलेत, एकदा तर छातीएवढ्या पाण्यातून. वस्तीची नावं त्यांनी दिली होती, ती वर गेल्यावर गळाली."

मी खाली बघितलं. कारण मला माहीत होतं. एकदा मी आईला पाहुण्यांकडं सोडायला गेलेलो तेव्हा आलते, दुसऱ्यांदा आले ते मला शेजाऱ्यांनी सांगितलेलं. पण राग एवढा होता की समोर जो दिसेल त्याला धोपटायचं, आणि तलाठी सोडून सरकार आम्हाला दिसतंय कुठं? म्हटलं, रागात बोलून गेलो ताई. तर तुम्ही म्हणालात, "तुम्ही रागात बोलणारच. तपासायचं काम माझं होतं."

मग ओट्यावर बसून वहीतल्या त्या ओळीवर काट मारली, खाली खरं काय ते लिहिलं आणि वही माझ्यापुढं धरली, "वाचा, आता बरोबर आहे का?" आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहिलेलं मला दाखवून विचारलं बरोबर आहे का. सरकारी कागदावर आमचा नुसता अंगठा नाहीतर सही घेतात, वाचू कुठं देतात.

दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. तुम्ही फोन करून म्हणालेला, बातमी एवढी मोठी आणि दुरुस्तीला जागा एवढीच मिळाली, भांडले मी.

आता भाऊसाहेबांचं. नोटीस आली तेव्हा त्यांनी त्याच चार ओळी जोडून उत्तर पाठवलं आणि विषय मिटला. आणि तुम्ही त्यांना पण फोन केलेला, सॉरी म्हणायला. हे त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडत सांगितलं, "एवढ्या वर्षांच्या नोकरीत साहेबापासून कोतवालापर्यंत मला कुणी सॉरी म्हटलं न्हवतं लेका. तू पण न्हाई." मग मी तिथंच म्हटलं, पत्रावळीवर. सहा वर्षं लेट.

विचार करतोय तेव्हापासून. एवढा पूर आला, घरं गेली, माणसं गेली, पण चुकलं कुणाचं? कोयना धरणवाले म्हणतात पाऊस जास्त, कुणी म्हणतंय कर्नाटकातलं अलमट्टी धरण, पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० ला अहवाल दिला त्यात अलमट्टीचा दोष नाही म्हणून आलं, नदीपात्रात बांधकामं कुणी होऊ दिली त्यावर सगळे गप्प. २०२१ च्या जुलैत पाणी परत ५० फुटाच्या वर. एवढ्या मोठमोठ्या खुर्च्यांतलं कुणीच चुकत नाही आणि चुकली ती एक पगाराला मोताद वार्ताहर बाई, एका ओळीत, ती पण माझ्यामुळं. चांगली माणसं असतात हो, नाही असं नाही. मिरजेकडून भाकरी घेऊन आलेली पोरं होती, नाव न सांगता निघून गेली, पाकिटावर कुणाचा फोटो नाही की स्टिकर नाही. पण स्वतःची चूक सांगायला चिखल तुडवत येणारं मी दुसरं बघितलं नाही.

पायरीला आता ऑइलपेंटनं दोन रेघा मारल्यात, २०१९ ची वर, २०२१ ची खाली. नवी म्हैस घेतलीय.

आणि एक राहिलं. पैसे आल्यावर आईनं तुमच्यासाठी दोन लिटर दूध काढून ठेवलेलं, तुम्ही घेतलं नाही. म्हणालात, "आजी, बातमी चालू आहे, आत्ता काही घेणार नाही. बातमी संपू दे, मग येते." आईला ते अजून पाठ आहे. आता ऐकायला कमी येतं, पण मी हे लिहीत बसलोय बघून विचारलं कुणाला लिहितोयस, सांगितलं. तर म्हणाली, "इचार त्यास्नी, संपली का न्हाई बातमी अजून?"