शस्त्र परवान्यासोबत पारख आणि सरावही हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडीच्या बातम्या लागोपाठ आल्या की शस्त्र परवान्याच्या चौकशीला जोर येतो. परवाना कुणाला द्यायचा हे नागपूर शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी ठरवतात; त्या निर्णयाबद्दल हे पत्र नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. परवाना हाती आल्यावर शस्त्र निवडलं जातं ते नाव, किंमत आणि ओळखीतल्या कुणाच्या तरी शब्दावर. ते आपल्या हाताला बसतं का, बाजारात मिळणाऱ्या काडतुसांवर बिनचूक चालतं का, आणि आपल्या घरात सुरक्षित राहील का, हे फार थोडे लोक तपासून घेतात. पुढे वर्षानुवर्षं शस्त्र कपाटात पडून राहतं आणि ज्या रात्री त्याची गरज भासेल त्या रात्री ते चालेलच याची खात्री कुणालाच नसते.

आपल्याकडे निवड मुळातच मर्यादित आहे. ९ मिमी हा बोअर (नळीचा आतला व्यास) सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित असल्यामुळे व्यवहारात उरतं ते ३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर किंवा ३२ बोअरचं पिस्तूल. इथेच पहिली गफलत होते. दोन्हीला ‘बत्तीस बोअर’ म्हणत असले तरी काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, बुडाला रुंद कड असलेलं, साधारण ९८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाच्या गोळीचं असतं. पिस्तुलाचं काडतूस आखूड असतं, गोळी ७१ ग्रेनची आणि तिच्यावर तांब्याचं आवरण. धोका असा की पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे काडतुसांची घरं असलेल्या फिरत्या भागात, बसतं, आणि उडतंही. पण त्याचा दाब सुमारे २०,५०० पीएसआय (दाबाचं माप) पर्यंत जाऊ शकतो, तर रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची मर्यादा १५,००० च्या आसपास आहे. मधून दुमडून उघडणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरची बिजागरी आणि ते बंद ठेवणारा खटका अशा वापराने ढिले होतात. काडतुसं घेताना डबीवरचं पूर्ण नाव वाचून घ्यावं, नुसतं ‘बत्तीसची डबी द्या’ म्हणू नये.

आकाराचं म्हणाल तर मध्यम शस्त्र, म्हणजे तीन ते चार इंच नळी आणि सातशे ग्रॅमच्या आसपास वजन, हे घर आणि अंगावर बाळगणं या दोन्हींसाठी सर्वांत समजूतदार. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये आणलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं आहे आणि हलकं म्हणून महिलांसाठी त्याची शिफारस होते. पण हलकं म्हणजे सोपं असं नाही. ३२ बोअरचा धक्का तसा सौम्य, तरी वजन कमी झालं की तो मनगटाला जास्त जाणवतो आणि दुसरी गोळी नेमावर आणायला वेळ लागतो. आखूड नळीवर मागची-पुढची माशी (नेम धरायच्या खुणा) जवळ येते, त्यामुळे हाताची बारीकशी चूकही निशाण्यावर मोठी होते. लहान हाताच्या माणसाने वजनाआधी ट्रिगर पाहावा.

तो पाहायचा कसा? आधी शस्त्र उघडून काडतुसांची सगळी घरं रिकामी असल्याची डोळ्याने आणि बोटाने खात्री करावी. मग मूठ अशी धरावी की नळी, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत येतील. या स्थितीत तर्जनीच्या पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग ट्रिगरवर आला पाहिजे. नुसतं टोक पोचत असेल तर मूठ आपल्याला मोठी आहे. दुकानदाराच्या परवानगीने, आत डमी काडतुसं घालून, हॅमर (मागचा घोडा) हाताने न ओढता वीस वेळा ट्रिगर दाबून पाहावा. दहाव्या वेळेला पुढची माशी थरथरू लागली तर दुसरं शस्त्र पाहा. सामान मोजायच्या लोंबत्या काट्याने ट्रिगरचं वजनही मोजता येतं: थेट दाबताना पाच किलोच्या आसपास, हॅमर आधी ओढून ठेवला तर दोन किलोच्या आसपास असावं. ट्रिगर संशयास्पद हलका लागला, विशेषतः वापरलेल्या शस्त्रात, तर कुणीतरी हॅमरच्या स्प्रिंगचे वेढे कापलेले असण्याची शक्यता धरा. अशा रिव्हॉल्व्हरमध्ये हॅमर काडतुसाच्या टोपीवर, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागावर, पुरेसा जोरात आपटत नाही. टोपीवर उथळ खूण उमटते आणि गोळी उडत नाही. हा दोष दुकानात दिसत नाही, कारण दुकानात कुणी गोळी उडवत नाही.

यंत्राची तपासणी पाच मिनिटांची आहे. रिव्हॉल्व्हर बंद करून एका हातात नळी, दुसऱ्यात मूठ धरून वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. बिजागरीत किंवा खटक्यात खेळ जाणवला तर ते घेऊ नका. हॅमर अगदी सावकाश मागे ओढा: तो पूर्ण मागे जाण्याआधी किंवा जाताजाता सिलिंडर ‘टक’ करून अडकलाच पाहिजे. प्रत्येक घरासाठी हे वेगळं पाहा, कारण बऱ्याचदा सहापैकी एकच घर चुकत असतं. घर आणि नळी सरळ रेषेत नसतील तर गोळीचा कडेचा भाग तासला जाऊन शिशाचे कण बाजूने उडतात. सिलिंडर आणि नळी यांच्या फटीत झेरॉक्सचा साधा कागद सहज सरकावा, पोस्टकार्ड शिरू नये. नळी उजेडाकडे धरून आतून पाहताना एखादं गडद कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे. पूर्वी कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी उडवली गेली असणार. किंमत कितीही कमी सांगितली तरी असं शस्त्र परत ठेवा. खासगी आयात ऐंशीच्या दशकात बंद झाल्यापासून जुन्या विलायती रिव्हॉल्व्हरना जो भाव येतो तो दुर्मीळपणाचा आहे. त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, हे विकणारा सहसा सांगत नाही.

पिस्तूल सपाट असल्याने शर्टाखाली कमी दिसतं, पण त्याला काळजी जास्त लागते. ३२ च्या पिस्तुली काडतुसाला बुडाशी बारीकशी कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड (नळीवरचा सरकता भाग) कितीही ओढली तरी काडतूस वर चढत नाही. मॅगझिन उतरवून, रिकामं करून पुन्हा भरणं हाच त्यावर उपाय. म्हणून भरतानाच प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे ना हे पाहावं. जुन्या घडणीच्या पिस्तुलांत खाली पडल्यावर काडतुसाच्या टोपीवर आपटणारी पिन रोखून धरणारी व्यवस्था नसते, त्यामुळे ती नळीत काडतूस चढवून बाळगू नयेत. रोज सराव नसलेल्या गृहस्थासाठी रिव्हॉल्व्हरच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे: एखादं काडतूस फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा दाबला की पुढचं घर समोर येतं. मात्र सरावात हे करू नये. तिथे गोळी उडाली नाही तर नळी निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबावं, आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबून नळी तपासावी.

अंगावर बाळगण्याबाबत २०१६ चे शस्त्र नियम स्वच्छ आहेत. सार्वजनिक ठिकाणी रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच वेष्टनात, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असलं पाहिजे. लग्नात कमरेला दिसेल असं खोचून फिरणं हा नियमभंग आहे, आणि आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणं हा शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. होल्स्टरने ट्रिगरचा भाग पूर्ण झाकलेला हवा. रिकामं शस्त्र घालून गादीवर उलटं धरून हलवा. पडलं तर ते होल्स्टर दुचाकीसाठी नालायक. स्कूटरवर पुढे वाकल्यावर शर्ट वर जातो आणि मूठ उघडी पडते, ते आरशासमोर खुर्चीवर बसून आधीच पाहून घ्यावं. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत पातळ सुती शर्ट आणि घाम हे दोन शत्रू. घामाने निळसर पॉलिश असलेलं पोलाद दोन दिवसांत गंजू लागतं, म्हणून घरी आल्यावर रोज कोरड्या फडक्याने आणि मग तेलाचा हलका हात लावलेल्या फडक्याने पुसावं. गाडीच्या कप्प्यात शस्त्र सोडून जाऊ नये. गाडी फुटली तर ते नेमकं चोराच्या हातात जातं.

नागपुरात पावसाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जास्त शस्त्रं गंजतात, याचं कारण कूलर. झोपायच्या खोलीत रात्रभर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो आणि त्याच खोलीतल्या लोखंडी कपाटात रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्ये गुंडाळलेलं असतं. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार धातूला लागतात. शस्त्र होल्स्टरबाहेर, कोरड्या सुती कापडात, सिलिका जेलच्या पिशवीसोबत ठेवावं आणि कूलरच्या दिवसांत पंधरा दिवसांनी एकदा पाहावं. तेल थेंबाथेंबाने लावावं. सिलिंडरच्या घरांत तेल राहिलं तर ते काडतुसाच्या टोपीत झिरपून बारूद निकामी करतं. घरं कोरडीच हवीत. काडतुसं चामडी पट्ट्यात ठेवली की पितळेवर हिरवा थर चढतो आणि ती घरात अडकतात, म्हणून ती मूळ डबीतच राहू द्यावीत.

घराच्या बाबतीत आधी घर पाहा, मग शस्त्र. शिशाची गोळी प्लायवूडचा दरवाजा आणि ॲल्युमिनियमचं पार्टिशन सहज पार करते. विटांची भिंत ती बहुतेकदा अडवते, पण कोटा किंवा टाइल्सच्या फरशीवर तिरकी लागली तर ती उडून भलतीकडे जाते. मुलांची खोली कुठे, शेजाऱ्यांची खिडकी कुठे, कोणत्या दिशेला गोळी कधीच झाडायची नाही, हे दिवसाउजेडी घरच्यांनी मिळून ठरवावं. रात्री आवाज आला तर सगळ्यांनी एका खोलीत यावं, कडी लावावी, ११२ वर फोन करून पत्ता सांगावा, टॉर्च हातात ठेवावा. घरभर शोधत फिरू नये. अंधारात पाणी प्यायला उठलेला मुलगाही सावलीच दिसतो. बंद खोलीत गोळीचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो, त्यानंतर काही मिनिटं फोनवरचं नीट ऐकू येईलच असं नाही. म्हणून फोन आधी. शस्त्र भिंतीत बोल्टने पक्क्या केलेल्या छोट्या लॉकरमध्ये असावं, उशीखाली नव्हे, आणि लॉकर बॅटरीवर चालत असेल तर दर सहा महिन्यांनी बॅटरी बदलावी.

कायद्याबद्दल गैरसमज फार आहेत. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम ३७ प्रमाणे गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असताना हा हक्क राहत नाही. जिवाला धोका असेपर्यंत जिवाच्या रक्षणाचा हक्क. धोका टळला की तो संपला. कुंपणावरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणं स्वसंरक्षणात बसवणं फार कठीण आहे.

आता प्रशासनाकडे मागणी. अर्जदाराने शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं, असं २०१६ चे नियम सांगतात. ते प्रशिक्षण कागदापुरतं राहू नये. किमान अर्धा दिवस: शस्त्र उघडून रिकामं करणं, फुसक्या काडतुसाच्या वेळी थांबणं, आणि तीन, पाच व सात मीटरवरून प्रत्यक्ष गोळीबार. सात मीटरवर सहा गोळ्या पोस्टकार्डाएवढ्या जागेत घालता येईपर्यंत प्रमाणपत्र देऊ नये. नूतनीकरण पाच वर्षांनी होतं, तेव्हा क्रमांक परवान्याशी जुळवण्यासोबत परवानाधारक आर्मररकडून (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडून) फट, खटका आणि हॅमरचा जोर तपासल्याचा दाखला मागावा. नवं शस्त्र निदान पन्नास काडतुसांवर बिनचूक चालल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही, आणि परवान्यावरच्या वार्षिक मर्यादेतून एवढी काडतुसं सरावाला काढणं अनेकांना जड जातं. सरावासाठी वेगळा कोटा द्यावा आणि पोलिसांच्या गोळीबार मैदानावर महिन्यातून एक रविवार, शुल्क घेऊन आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, परवानाधारकांना जागा द्यावी. तिथली वापरलेली पितळी नळकांडी मोजून जमा करून घेतली की काडतुसांचा हिशेबही चोख राहील.

आपला,
एक नेमबाजी प्रशिक्षक, नागपूर