ग्राहकसेवेच्या कॉलचे रेकॉर्डिंग ग्राहकालाही द्या : केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय दूरसंचार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : दूरसंचार कंपन्यांच्या ग्राहकसेवेच्या कॉलचे रेकॉर्डिंग दोन वर्षे जपणे व मागताच ग्राहकाला प्रत देणे बंधनकारक करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मोबाइल कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन लावला की सुरुवातीलाच एक वाक्य कानावर पडते : ‘गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो.’ उद्या बिलावरून वाद झाला, तर त्या कॉलमध्ये कोण काय बोलले याचा याहून चांगला पुरावा नाही. पण तो राहतो कंपनीच्या सर्व्हरवर. तो कोणी ऐकायचा, कधी काढायचा आणि किती दिवसांनी पुसायचा, हे सगळे कंपनी ठरवते. ज्याचा आवाज त्यात आहे त्या ग्राहकाने प्रत मागितली, तर ‘अंतर्गत धोरणानुसार देता येत नाही’ असे उत्तर येते. आमची मागणी या एका मुद्द्यापुरती आहे.

वाद नेमका कुठे जन्मतो ते आधी सांगतो. पोस्टपेड नंबर बंद करायला सांगितला, एजंट म्हणाला, ‘झाले, आता बिल येणार नाही’. पुढच्या महिन्यात भाडे लागून बिल येते, मग वसुलीचे फोन सुरू होतात आणि थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालापर्यंत जाते. किंवा न मागितलेली सेवा चालू झाली, एजंट म्हणाला, ‘पैसे पुढच्या बिलात वजा होतील’, आणि ते झाले नाहीत. आश्वासन तोंडी असते. तक्रारीच्या नोंदीत मात्र शेरा पडतो : ‘ग्राहकास माहिती दिली. ग्राहक समाधानी. तक्रार बंद.’ तो शेरा कंपनीचा माणूस लिहितो आणि ग्राहकाला तो दिसतही नाही. पुढे अपिलात हाच शेरा कागद म्हणून समोर येतो, आणि ग्राहकाकडे असते फक्त ‘ते मला असे म्हणाले होते’ एवढे.

याहून बारीक खोच म्हणजे नोंदीचा प्रकार. ग्राहक तक्रार सांगत असतो आणि एजंट ती ‘रिक्वेस्ट’ किंवा ‘विचारणा’ म्हणून नोंदवतो. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, द्यावा लागतो. पण तक्रार म्हणून नोंदच झाली नाही तर डॉकेट नाही आणि मुदतीचे घड्याळही चालू होत नाही. ग्राहकाने ‘तक्रार नोंदवा’ असे स्वच्छ शब्दांत सांगितले होते की नाही, हे फक्त रेकॉर्डिंगच सांगू शकते.

याच विनियमांत दोन पायऱ्या आहेत : आधी तक्रार केंद्र, मग अपील प्राधिकारी. अपिलासाठी ३० दिवस आणि निकालासाठी ३९ दिवस. अपील फुकट आहे ही चांगली गोष्ट. पण अपील प्राधिकारी कंपनीच्याच व्यवस्थेतला असतो, त्याला रेकॉर्डिंग उघडून ऐकता येते, ग्राहकाला येत नाही. एकाच फाइलीवर भांडणारे दोन पक्ष, आणि फाइल एकाच्याच हातात. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही आणि टीडीसॅट या दूरसंचार वाद न्यायाधिकरणाकडे एकट्या ग्राहकाची तक्रार चालत नाही, म्हणून पुढची वाट ग्राहक आयोगाची. ती वाटही बरीच वर्षे अडलेली होती. टेलिग्राफ कायद्याच्या कलम ७-ब मुळे असे वाद लवादाकडेच जातील, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने दूरसंचार ग्राहकाला आयोगाचे दार पुन्हा मोकळे झाले. दार उघडले, पण ग्राहक आत जातो तो रिकाम्या हाताने.

‘मग ग्राहकाने स्वतः रेकॉर्ड करावे’ असे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात काय होते ते पाहावे. अँड्रॉइड ९ पासून प्ले स्टोअरवरून घेतलेल्या ॲपला कॉलचा थेट आवाज मिळत नाही, तो फोनबरोबर आलेल्या ॲपलाच मिळतो. काही ॲप्सनी ॲक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे अपंग वापरकर्त्यांसाठीच्या, सुविधेतून वाट काढली होती, ती गूगलने ११ मे २०२२ पासून धोरणानेच बंद केली. त्यामुळे ॲप टाकले, लाल टिंब लुकलुकले, फाइलही तयार झाली. वाजवून पाहावे तर वीस मिनिटे आपलाच आवाज, आणि समोरच्याच्या जागी शांतता. गूगलच्या फोन ॲपमधून किंवा आयओएस १८.१ नंतरच्या आयफोनवरून रेकॉर्ड केले तर दोन्ही बाजू येतात, पण सुरू करताच मोठ्याने सूचना वाजते. ती ऐकून ‘आपण रेकॉर्ड करत असाल तर मी पुढे बोलू शकत नाही’ असे म्हणून फोन ठेवणारे एजंट आहेत. स्वतः मात्र ते रेकॉर्ड होत असलेल्या लाइनवरच बसलेले असतात.

उरतो दुसऱ्या फोनचा उपाय, आणि आम्ही लोकांना तोच सांगतो. पहिला फोन स्पीकरवर, दुसरा वीतभर अंतरावर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून. दुसरा फोन फ्लाइट मोडवर, कारण मध्येच त्यावर कॉल आला तर रेकॉर्डिंग तुटते. पंखा बंद. नंबर फिरवण्याआधी तारीख, वेळ आणि आपला मोबाइल नंबर मोठ्याने बोलायचा. एजंटने डॉकेट नंबर दिला की तो एकेक आकडा उच्चारून परत वाचायचा. आणि आश्वासन मिळाले की ते आपल्या तोंडून पुन्हा म्हणायचे : ‘म्हणजे एवढी रक्कम अमुक तारखेच्या बिलात वजा होणार, बरोबर?’ त्यावर एजंटचा ‘हो’ यायला हवा. नुसते ‘पाहतो सर’ आले तर पुन्हा विचारायचे.

इतके करूनही फाइल टिकवणे वेगळेच. होल्डवरचे संगीत कापून फाइल छोटी केली की ती मूळ फाइल राहत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी, नाहीतर वाटेत आवाज नव्याने दाबला जाऊन फाइल बदलू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग : एक पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्यावरून गणिताने काढलेली ओळखखूण, लिहायचे. शा-२५६ (SHA-256) पद्धतीने काढले तर ही ६४ चिन्हांची ओळ असते, आणि फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ती पूर्ण बदलते. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जुन्या कायद्याखालचे असेच प्रमाणपत्र, मूळ उपकरण हजर केले नसेल तर, अनिवार्य ठरवले होते. ग्राहक आयोग पुराव्याच्या कायद्याला इतके काटेकोर बांधलेले नाहीत हे खरे, तरी कंपनीचा वकील पहिला आक्षेप प्रमाणपत्रावरच घेतो. काहीशे रुपयांच्या बिलासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा? कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवरची फाइल तिच्या प्रमाणपत्रासह दिली, तर हा सगळा खटाटोप उरतच नाही.

ग्राहकाने स्वतःचा कॉल रेकॉर्ड करणे बेकायदा असल्याची भीती घातली जाते, तीही दूर व्हायला हवी. आपण स्वतः सहभागी असलेला कॉल रेकॉर्ड करण्यावर सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही. मुंबईच्या कॉरोनरवरील (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावरील) लाचेच्या खटल्यात, आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात, एका बाजूच्या संमतीने केलेले फोनचे ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने पुरावा म्हणून स्वीकारले होते. ग्राहक रेकॉर्ड करतो म्हणून कॉल तोडता येणार नाही, हे एक वाक्य नियमात आले तरी बरेच काम होईल.

आता मुदतीचा प्रश्न, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा घोटाळा इथेच आहे. कोणी कोणाला, कधी, किती वेळ फोन केला याच्या नोंदी, म्हणजे सीडीआर, किमान दोन वर्षे ठेवण्याचे बंधन आपल्याच विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटींत घातले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार आयोगाकडे जायलाही दोनच वर्षे आहेत. म्हणजे ग्राहकाने १९८ या तक्रार क्रमांकावर अकरा मिनिटे बोलणे केले याची नोंद खटला भरेपर्यंत हमखास टिकते. त्या अकरा मिनिटांत काय बोलणे झाले हे टिकण्याची हमी नाही. आयोगाला कलम ३८ खाली पुरावा हजर करायला लावण्याचा अधिकार आहे, पण तो आदेश निघेपर्यंत ‘रेकॉर्डिंग आता उपलब्ध नाही’ असे उत्तर तयार असते. न दाखवलेला पुरावा विरोधात गेला असता असे न्यायालय गृहीत धरू शकते, मात्र ते धरायचे की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हे यावरचे उत्तर नाही. आवाज हा वैयक्तिक डेटाच, पण कलम ११ मध्ये हक्क आहे तो डेटाचा गोषवारा मागण्याचा. ‘आपल्या कॉलचे रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे’ असे कळवले की गोषवारा झाला. फाइल हातात यावी असे कलम वेगळेच लागेल.

हे नवीन किंवा अशक्य काही नाही. शेअर दलालांना सेबीने २०१८ च्या परिपत्रकाने फोनवरून येणाऱ्या ऑर्डर रेकॉर्ड करणे सक्तीचे केले. लवादाकडे तक्रार करण्याची जी मुदत, तितका काळ ते पुरावे ठेवायचे. वाद उभा राहिला तर तो मिटेपर्यंत ठेवायचे. आणि सिद्ध करण्याची जबाबदारी दलालावर. हाच सांगाडा दूरसंचाराला जसाच्या तसा बसतो.

म्हणून २०१२ च्या विनियमांत आम्हाला हवी असलेली दुरुस्ती अशी. ग्राहकसेवेला आलेला आणि ग्राहकसेवेकडून गेलेला प्रत्येक कॉल दोन वर्षे ठेवावा. तक्रार, अपील वा दावा चालू असेल तर अंतिम निकालापर्यंत. ‘गेलेला’ हा शब्द मुद्दाम आहे, कारण ‘सीनिअर तुम्हाला फोन करतील’ म्हटल्यावर येणारा कॉल वेगळ्या नंबरवरून येतो आणि मूळ डॉकेटला जोडलेलाच नसतो. कॉल एका एजंटकडून दुसऱ्याकडे वळवला की रेकॉर्डिंगचे दोन तुकडे होऊ शकतात. दोन्ही द्यावेत, होल्डच्या वेळेसकट. शोध डॉकेटवरच अडू नये, मोबाइल नंबर आणि तारीख एवढ्यावर फाइल निघावी, नाहीतर ‘रिक्वेस्ट’ म्हणून नोंदवलेले कॉल सापडणारच नाहीत. मागणीपासून सात दिवसांत प्रत द्यावी, विनाशुल्क, हॅश मूल्य आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्रासह. आणि कंपनी ती देऊ शकली नाही, तर त्या कॉलबद्दल ग्राहकाने लेखी दिलेले म्हणणे खरे धरावे. हे शेवटचे कलम नसेल तर बाकीची कागदावरच राहतील, कारण फाइल हरवणे कंपनीला फायद्याचे ठरेल.

खर्चाचा आक्षेप येईल. फोनवरच्या आवाजासाठी रुळलेल्या एएमआर पद्धतीत सेकंदाला १२.२ किलोबिट लागतात. दहा मिनिटांचा कॉल एक एमबीच्या आतच बसतो. अजिबात न दाबता, ६४ किलोबिटने ठेवला तरी पाच एमबीहून कमी. कोट्यवधी ग्राहकांचे सीडीआर सांभाळणाऱ्या कंपन्यांना हे जड नाही.

गोपनीयतेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. या कॉलमध्ये ग्राहक जन्मतारीख, पत्ता, कधी आधारचे शेवटचे आकडे सांगतो. सिम दुसऱ्याच्या हाती गेले तर रेकॉर्डिंगही जाईल. म्हणून फाइल ईमेलला जोडून पाठवू नये. नोंदणीकृत नंबरवर ओटीपी, त्यानंतर सात दिवस चालणारी लिंक, आणि सिम बदलल्यापासून काही दिवस ही सोय बंद, असे करता येईल. एजंटचे नाव झाकायचे तर खुशाल झाकावे. वाद त्याच्याशी नाही.

ही दुरुस्ती होईपर्यंत ग्राहकांना आम्ही एक गोष्ट करायला सांगतो : कॉल झाला त्याच दिवशी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर चार ओळी पाठवायच्या. मोबाइल नंबर, कॉलची तारीख, सुरुवात व शेवटची वेळ, डॉकेट असल्यास तो, एजंटने दिलेले आश्वासन त्याच्याच शब्दांत, आणि ‘या कॉलचे रेकॉर्डिंग जतन करावे, ते आयोगापुढे मागवले जाईल’. मग फाइल ‘नेहमीप्रमाणे पुसली गेली’ असे सांगणे कंपनीला अवघड जाते. पण हे ईमेल लिहिता येणारा आणि वेळेवर सुचणारा ग्राहक किती जण असणार?

दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम ३० मध्ये ऑनलाइन वादनिवारणाची तरतूद आहे. त्या यंत्रणेच्या तक्रार अर्जात ‘संबंधित कॉलचे रेकॉर्डिंग कंपनीने येथे जोडावे’ असा रकाना असावा आणि तो भरल्याशिवाय कंपनीचे उत्तर दाखल होऊ नये. हा रकाना ठेवणार का, आणि २०१२ च्या विनियमांतील दुरुस्तीसाठी ट्रायला पत्र पाठवणार का, या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे आपल्या कार्यालयाकडून मिळावीत, ही विनंती.

आपले,
दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींचे काम करणारे कार्यकर्ते