हायड्रोजनचा भाव सांगता, मोनॉक्साइडचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंपासून ‘स्वच्छ’ हायड्रोजन स्वस्तात मिळेल, अशा आशयाच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचनात येतात. त्यांत हायड्रोजनचा किलोमागे भाव ठळकपणे दिलेला असतो. मात्र त्याच भट्टीतून कितीतरी पट अधिक वजनाने बाहेर पडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचे पुढे काय होते, याबद्दल अवाक्षर नसते. या पद्धतीचे अर्थकारण माझ्या मते मुख्यतः त्यावरच अवलंबून आहे.

१६ किलो मिथेन आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड यांची अभिक्रिया पूर्ण झाली, तर ४ किलो हायड्रोजन आणि ५६ किलो कार्बन मोनॉक्साइड मिळतो. वजनाने पाहिले तर हा मोनॉक्साइडचाच कारखाना झाला. त्या मोनॉक्साइडची वाफेशी अभिक्रिया घडवून आणखी ४ किलो हायड्रोजन काढता येतो आणि भाव कमी दिसावा म्हणून तसे करण्याचा मोहही होतो. पण मग ८८ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे आत घातलेला ४४ किलो जसाच्या तसा परत आणि मिथेनमधल्या कार्बनचा ४४ किलो वर. वाफेच्या नेहमीच्या रिफॉर्मिंगमध्येही (म्हणजे कार्बन डायऑक्साइडऐवजी वाफेशी मिथेनची अभिक्रिया घडवून हायड्रोजन काढण्याच्या पद्धतीतही) १६ किलो मिथेनमागे ८ किलो हायड्रोजन आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हाच हिशेब लागतो. मग हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

शिवाय ही अभिक्रिया वाफेच्या रिफॉर्मिंगपेक्षा अधिक उष्णता मागते. ती उष्णता मिथेन जाळूनच द्यायची म्हटले, तर काहीही वाया न जाता सुमारे ५ किलो जादा मिथेन लागेल आणि त्यातून जवळपास १४ किलो कार्बन डायऑक्साइड निघेल. प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा मोठाच असणार.

मी अनेक वर्षे रिफॉर्मर भट्टीवर काम केले आहे. झरोक्यातून पाहताना भट्टीतल्या उत्प्रेरक भरलेल्या एखाद्या नळीवर इतर भागापेक्षा उजळ पट्टा दिसला की आत निकेलच्या उत्प्रेरकावर काजळी धरली असावी, हे आम्ही ओळखत असू. वाफ भरपूर असतानाही ही वेळ येई. वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड घेतल्यावर काजळीचा धोका अधिकच वाढतो, आणि ती टाळण्यासाठी रोडियमसारखा धातू वापरावा तर त्याची किंमत डोळे पांढरे करणारी.

तरीही ही पद्धत मी निकालात काढत नाही. बायोगॅसमध्ये साधारण ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. तेथे दोन्ही वायू एकत्रच मिळतात आणि कार्बनही मुळात हवेतूनच आलेला असतो. तसेच अ‍ॅसेटिक आम्लासारख्या उत्पादनाला मोनॉक्साइड लागतोच. मात्र हा वायू विषारी असल्याने त्याचे गिऱ्हाईक कुंपणापलीकडेच असलेले बरे. मिथेनॉल बनवायचे असेल, तर मोनॉक्साइडच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन लागतात; या अभिक्रियेत मात्र एकास एकच मिळतो, म्हणजे विकायला हायड्रोजन उरतच नाही, उलट बाहेरून आणावा लागतो.

म्हणून अशा प्रकल्पाची बातमी छापताना हायड्रोजनच्या भावाशेजारी तीन गोष्टी जरूर द्याव्यात, ही विनंती: मोनॉक्साइड कोण आणि कोणत्या भावाने घेणार, भट्टी कशावर तापणार, आणि वायूच्या विहिरीपासून भट्टीपर्यंत मिथेनची गळती किती.

आपला,
एक निवृत्त रसायन अभियंता