दुप्पट वेगाचं लेक्चर

डिचोली,
शनिवार, रात्री उशिरा

प्रिय मंदार,

चवथीच्या गडबडीत तुझ्या पत्राला उत्तर राहिलं. आता गणपतीवर बांधलेली फळा-फुलांची माटोळी उतरली, पाहुणे गेले आणि सेमिस्टर परीक्षा मानेवर बसली. रेकॉर्डेड लेक्चर्सनी खरंच अभ्यास होतो का, असं विचारतोस. होतो, पण व्हिडिओ थांबवत राहिलं तर.

आमच्याकडे उच्च शिक्षण संचालनालयाचा 'दिष्टावो' उपक्रम आहे. गोव्यातलेच प्राध्यापक गोवा विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवतात, यूट्यूबवर, फुकट. आयआयटीवाल्यांच्या एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर विषय खोलात मिळतो, पण परीक्षा तोंडावर असताना आपला घटक त्यात शोधत बसायला वेळ कोणाला?

परीक्षा जवळ आली की सगळे दुप्पट वेगावर. त्यांना हसू नकोस. २०२१ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी हे तपासलं. दुप्पट वेगापर्यंत आकलन फारसं घसरलं नाही, त्यापुढे मात्र घसरलं. दुप्पट वेगाने दोनदा पाहणंही फायद्याचं ठरलं, पण दुसरी वेळ चाचणीच्या अगदी आधी असेल तरच. मात्र त्यांचे व्हिडिओ होते रोमन साम्राज्य आणि घरांच्या मूल्यांकनावर! थर्मोडायनॅमिक्सची सिद्धता त्या वेगात डोळ्यांसमोरून जाते, हाताला येत नाही.

खरी गोम वेगळीच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्याने मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी बाजी मारली. पुन्हा पुन्हा लेक्चर बघताना 'हे तर येतं' असं वाटतं ना, ते पहिल्या गटाचं सुख.

म्हणून मी आधी जुनी प्रश्नपत्रिका घेतो, मग त्या प्रश्नापुरतं लेक्चर. एक मुद्दा झाला की थांबवायचं, फोन पालथा घालायचा, कोऱ्या कागदावर लिहायचं. अडलं, तेवढंच मागे जाऊन बघायचं. तरीही नाही उमगलं तर शंका वहीत, आणि सकाळी सरांना गाठायचं. वाळपईची एक मैत्रीण व्हिडिओ डाउनलोड करून कदंबच्या बसमध्ये नुसती ऐकते. तिचा विषय इतिहास, तिला चालतं. आपल्याला बुवा कागद हवाच.

तुझ्या सरांच्या विद्युतचुंबकत्वाच्या लेक्चर्सच्या लिंक पाठव. बोलताना ते फळा झाकत नसतील, तर आधी पाठव.

तुझा,
नितेश