डुकराच्या किडनीची किळस कुणाला?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातलं, माणसाला डुकराची किडनी बसवण्याविरुद्धचं पत्र आणि त्याशेजारचं चित्र मी डायलिसिसच्या खाटेवर पडून पाहिलं. अर्धं माणसाचं, अर्धं डुकराचं तोंड. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी पेपर मागितला, तेव्हा ते पान मी काढून उशीखाली घातलं. चार वर्षं तुमचा पेपर आमच्या वॉर्डात हातोहात फिरतो. पान लपवायची वेळ पहिल्यांदाच आली.

असला अवयव घेण्यापेक्षा मेलेलं बरं, असं पत्रलेखक लिहितात. त्यांच्या दोन्ही किडन्या धड असाव्यात.

मला किडनी द्यायला माझे यजमान एका पायावर तयार होते. रक्तगट जुळला, सगळ्या तपासण्या झाल्या आणि शेवटी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझं रक्त त्यांच्या पेशींवर उलटतं असं निघालं. कारण काय, तर माझी दोन बाळंतपणं. पोटातल्या मुलांमध्ये बापाच्या पेशींच्या खुणा असतात, त्यांच्याविरुद्ध माझ्या रक्तात अँटिबॉडी तयार होऊन बसल्या होत्या. ज्यांच्या मुलांना जन्म दिला, त्यांचीच किडनी मला चालणार नाही. परत येताना एसटीत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

म्हणून अमेरिकेतल्या टोवाना लूनी यांची बातमी मी कापून ठेवली आहे. १९९९ मध्ये त्यांनी आईला आपली एक किडनी दिली. पुढे गरोदरपणात रक्तदाब वाढून उरलेली बिघडली आणि २०१६ पासून डायलिसिस सुरू झालं. अंगात अँटिबॉडी इतक्या, की माणसाची किडनी जुळेना. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराची किडनी बसवली. १३० दिवस चालली, मग शरीरानं नाकारली, काढावी लागली. लोक म्हणतील, फसलंच की. पण १३० दिवस हातात सुई नाही आणि तहान लागली की पाणी प्यायचं! मी दिवसाला पाऊण लिटर पाणी मापानं पिते, गोळ्यांबरोबरचा घोटसुद्धा त्यात धरते.

किळसच म्हणाल, तर डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपॅरिन जगभर मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. पूर्वी इन्सुलिनही डुकरांच्या आणि गाईंच्या स्वादुपिंडातून यायचं. त्यावर किती घरं जगली.

विषाणूची भीती मात्र खरी आहे आणि ती मलाही वाटते. बाल्टिमोरला २०२२ मध्ये डेव्हिड बेनेट यांना बसवलेल्या हृदयात डुकरांमधला एक विषाणू नंतर सापडला. ते दोन महिने जगले. त्यावर लिहा ना! ती डुकरं कशी वाढवतात, रुग्णाच्या घरच्यांच्या तपासण्या किती वर्षं करायच्या, आपल्याकडे परवानगी कोण देणार? आसामात १९९७ साली डॉ. धनीराम बरुआ यांनी एका तरुणाला डुकराचं हृदय बसवलं. तो आठवड्यात गेला, डॉक्टरांना अटक झाली. असं पुन्हा होऊ नये म्हणून हे विचारायचं. माणसाला डुकराचं तोंड लावून यातलं काय कळलं?

आणखी एक. गेल्या एप्रिलमध्ये मी तुम्हाला पत्र पाठवलं होतं. एका वेळच्या डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. टँकर आला नाही म्हणून आमच्या केंद्रात चार तासांचं डायलिसिस अडीच तासांत उरकलं, तेही एकाच आठवड्यात दोनदा. दुसरी रात्र धाप लागून मी भिंतीला टेकून बसून काढली, आडवं होता येईना. ते पत्र तुम्ही छापलं नाहीत. कालच्या चित्राला तीन कॉलम दिलेत. उन्हाळा पुन्हा तोंडावर आहे आणि टँकरचा भरवसा अजून तसाच आहे. निदान तेवढं तरी छापा.

– एक डायलिसिस रुग्ण, सांगली