ते लव्हेंडर नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावरच्या जांभळ्या फुलांचे छायाचित्र आपण छापले आणि खाली ‘लव्हेंडर’ लिहिले. ते लव्हेंडर नाही. मी ३१ वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आणि हे फूल माझ्या घरात आहे, म्हणून राहवले नाही.

निवृत्तीच्या दिवशी मुलांनी दिलेल्या गुच्छातले गुलाब आणि जरबेरा आठवड्यात गेले. ही जांभळी काडी मात्र तीन उन्हाळे झाले तरी रंग धरून आहे, आणि अमळनेरचा मे महिना आपल्या वाचकांना ठाऊक आहे. फुलवाले तिला ‘स्टॅटिस’ म्हणतात. शास्त्रीय नाव लिमोनियम सिन्युएटम. आपण जिला पाकळी समजतो तो निदलपुंज, म्हणजे पाकळ्यांबाहेरचे वेष्टन, असतो, मुळातच कागदासारखा कोरडा. त्याच्या आतले इवलेसे पांढरट फूल कधीच गळून जाते. मूळ मुलुखात हे झाड किनाऱ्याच्या रेताड, खारट जमिनीत वाढते. पाने जमिनीलगत गोल पसरलेली, दांड्याला पंखासारख्या कडा. मुळांवाटे आत आलेले मीठ पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडते. आपल्याकडे चोपण रानात खार फुटतो, तसे ते मीठ पानावर येते.

लव्हेंडर तुळशीच्या कुळातले. हे चित्रकाच्या कुळातले! आमच्या बोरी नदीकाठच्या शेताच्या बांधावर चित्रक होता. आजी ओरडायची, ‘‘त्याले हात नको लाऊ, फोड येतीन.’’ मुळाचा रस अंगाला लागला की खरेच फोड येतात, आणि औषधात वापरतात तेही तेच मूळ. चित्रकाचा निदलपुंजही बघण्यासारखा, चिकट केसांचा. आजोबांच्या धोतराला चिकटून त्याचे बी घरापर्यंत यायचे.

गेल्या पावसाळ्यात बांधावर गेलो, तर भावाने तणनाशक मारलेले. टोकाला बोरीच्या झाडाच्या आडोशाने एकच झुडूप वाचले होते. तेवढे तरी राहू दे म्हणून भावाला हात जोडून सांगून आलो. तालुक्यात किती बांधांवर असेच झाले असेल, या विचाराने झोप लागत नाही.

आपण चूक दुरुस्त कराल, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या फुलाशेजारी आपल्या चित्रकाचेही छायाचित्र छापावे ही विनंती. त्या वाचलेल्या झुडपाचे, पांढऱ्या फुलांसकट, सोबत पाठवत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, अमळनेर